रस्त्याची जुनी खडी इमारतीत का अडते?

जुने काँक्रीट फोडून काढलेल्या खडीला आपल्याकडच्या मानकात जागा मिळाली ती २०१६ मध्ये. भारतीय मानक ब्युरोने काँक्रीटच्या खडी-वाळूचे मानक आयएस ३८३ सुधारले, पण हात राखूनच: आरसीसीत जास्तीत जास्त २० टक्के, तेही एम-२५ दर्जापर्यंत (आकडा मोठा तितके काँक्रीट मजबूत), बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-१५ च्या खालच्या कामाला मात्र १०० टक्के. डांबरी रस्ता खरवडून निघालेल्या खडीचे त्या यादीत नावच नाही.

सुरुवात रस्त्यांपासून झाली नव्हती. महायुद्धानंतर जर्मनीची शहरे विटांच्या ढिगाऱ्यात गाडली गेली होती. हा राडारोडा काँक्रीटमध्ये वापरण्यासाठी १९५१ मध्ये डीआयएन ४१६३ हे मानक निघाले, आणि १९५५ पर्यंत पश्चिम जर्मनीत त्यातून सुमारे १,७५,००० घरे उभी राहिली. ढिगारे संपले तशी गरजही संपली.

रस्त्यांचा धागा अमेरिकेत सापडतो. इलिनॉयमध्ये १९४० च्या दशकातच जुन्या काँक्रीट रस्त्याची खडी नव्या मार्गिकांसाठी वापरली गेली. पण खरी कसोटी लागली १९८० मध्ये, मिनेसोटातल्या यूएस ५९ महामार्गावर. तिथली मूळ खडीच दुखणाईत होती: पाणी शोषायची, थंडीत गोठून फुगायची आणि सांध्यांपाशी काँक्रीट तडकायचे. अभियंत्यांनी तो रस्ता फोडून बारीक खडी केली आणि त्याच जागी पुन्हा ओतली. मोठा दगड बारीक केला की गोठून फुटण्याचा धोका कमी होतो, हा त्यामागचा हिशेब. खराब मालातून टिकाऊ रस्ता काढण्याची ही हिंमत मला या इतिहासातली सर्वांत रोचक गोष्ट वाटते.

तरीही माल फिरून रस्त्यातच गेला. फोडलेल्या खडीला सिमेंट-वाळूचा जुना मसाला चिकटलेला राहतो, म्हणून ती पाणी जास्त पिते. आपला काळा दगड साधारण दोन टक्क्यांच्या आत राहतो, ही खडी चार-सहा टक्के सहज शोषते. आधी भिजवून घेतली नाही, तर काँक्रीट ओतायच्या आतच घट्ट होते. शिवाय बर्फाळ देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते काँक्रीटमध्ये मुरते आणि खडीबरोबर पुढे जाते. साध्या काँक्रीटच्या रस्त्यात सळई फारशी नसते, म्हणून तिथे ते खपते. बीममध्ये गेलेले मीठ सळईला गंजवते.

डांबरी मालाची गोष्ट आणखी वेगळी. १९७३ च्या तेलसंकटात डांबर महागले आणि रस्ते खरवडून तोच माल पुन्हा गरम करून वापरण्याला वेग आला. भारतात त्यासाठीचे इंडियन रोड्स काँग्रेसचे (आयआरसी) आयआरसी १२० हे मार्गदर्शन २०१५ चे. सिमेंटशी मात्र त्याचे जमत नाही. खडीवरची डांबराची पातळ साय सिमेंटची पकड बसू देत नाही, त्यामुळे प्रमाण वाढेल तशी ताकद घसरते. बदल्यात चिवटपणा येतो. असे काँक्रीट एकदम न तुटता सावकाश फाटते. रस्त्याच्या खालच्या थराला हा गुण, पण कॉलमला आधी ताकद लागते.

मुंबईत सध्या डांबरी रस्ते उखडून सिमेंटचे केले जात आहेत. तिथून निघणारा बराचसा माल या नकोशा गटातलाच. काँक्रीटची खडी हवी तर सिमेंटचे रस्ते आधी म्हातारे व्हावे लागतील. २००२ मध्ये पूर्ण सुरू झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्या रांगेत पुढे आहे.