विजेरीची दुरुस्ती: ४ व्होल्टची शिशाची बॅटरी आणि ३.७ व्होल्टचा लिथियम सेल

मराठीत आपण अख्ख्या विजेरीलाही ‘बॅटरी’ म्हणतो आणि तिच्या पोटातल्या घटालाही. त्यामुळे ‘बॅटरी गेली, नवी टाका’ हा सल्ला नेमका कशाबद्दल आहे, हे पुष्कळदा सांगणाऱ्यालाही स्पष्ट नसते. येथे विजेरी म्हणजे पूर्ण वस्तू, बॅटरी म्हणजे तिच्यातला शिसे-आम्लाचा ४ व्होल्टचा चौकोनी ठोकळा, आणि सेल म्हणजे लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून निघणारा १८६५० मापाचा लिथियम-आयन सेल.

शिशाची बॅटरी बहुतेकांच्या परिचयाची आहे. ती जड आणि स्वस्त असते, आत दोन-दोन व्होल्टचे दोन कप्पे असतात, आणि महिनोन्‌महिने रिकामी पडून राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेट घट्ट बसून ती निकामी होते. सेल हलका असतो आणि तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक ऊर्जा साठवतो. वजन, आकार आणि किंमत यांत कोणाची गल्लत होत नाही.

गल्लत होते ती ‘४ आणि ३.७ जवळपास सारखेच, तेव्हा जुनी बॅटरी काढून त्याच दोन तारांना सेल जोडावा’ या सल्ल्यात. हा सल्ला इतक्या खात्रीने आणि इतक्या वेळा दिला जातो, की त्याने मला मनापासून चीड येते, कारण तो ऐकणाऱ्याच्या घरात आग लागू शकते. दिवा लागतो, म्हणून सल्ला बरोबर वाटतो. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो आणि चार्जिंगवरून काढून थोडी विसावलेली चांगली बॅटरीही साधारण तेवढेच दाखवते, त्यामुळे एलईडींना आणि त्यांच्या रोधकांना बदल जाणवत नाही. साम्य आहे ते वीज खर्च होतानाचे. ती भरताना दोघांचे वागणे पूर्णपणे वेगळे असते.

चार्ज होताना बॅटरी ४.८ व्होल्टच्या आसपास जाते आणि तिला ते सोसते. भरल्यानंतरही थोडा प्रवाह येत राहिला तर आतल्या पाण्याचे विघटन होऊन ती हळूहळू कोरडी पडते. सेलला मात्र ४.२ व्होल्टला थांबवावेच लागते. त्यापुढे ढकलल्यास ऋण टोकावर धातुरूप लिथियम साचू लागते, आतला द्रव विघटित होऊन दाब आणि उष्णता वाढते, आणि सेल फुटू किंवा पेटू शकतो.

आता पिनेवर चार्ज होणारी स्वस्त विजेरी उघडून पाहावी. बहुधा आत ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर, चार डायोड आणि एक-दोन रोधक एवढेच असते. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेवर सुमारे ७० मिलिअँपिअर प्रवाह देतो आणि समोरचा घट भरला की नाही याची दखल न घेता देतच राहतो. २,००० मिलिअँपिअर-तासांचा अर्धा भरलेला सेल त्यावर चौदा-पंधरा तासांत भरतो. त्यानंतरचा प्रत्येक तास धोक्याचा असतो.

‘सेलला संरक्षक पट्टी लावली आहे’ हे उत्तरही पुरत नाही. पट्टी, म्हणजे सेलला जोडलेला छोटा सर्किट-बोर्ड, ४.२५ ते ४.३ व्होल्टला प्रवाहाची वाट तोडते, पण वाट तुटली की कपॅसिटरच्या या मंडलातला विद्युतदाब मुख्य विजेच्या शिखराकडे, म्हणजे ३२५ व्होल्टकडे, चढू लागतो. पट्टीवरचा मॉस्फेट (वाट जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बहुधा २० व्होल्टांसाठी बनवलेला असतो. तो जळताना बहुतेक वेळा शॉर्ट होतो आणि संरक्षण जाऊन सेल पुन्हा थेट प्रवाहाला जोडला जातो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की सेल बसवायचा असेल तर पिन, कपॅसिटर आणि डायोड ही सारी जुनी मांडणी काढून टाकावी. (विजेरी पिनेवरून काढलेली असली तरी कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका भार उरलेला असू शकतो, त्यामुळे तो आधी एखाद्या रोधकातून रिकामा करावा.) त्या जागी संरक्षणासह येणारा टीपी४०५६ (सेल ४.२ व्होल्टला थांबवून भरणारी चिप) चा छोटा बोर्ड बसवावा आणि मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर विजेरी भरावी. त्यावरचा १.२ किलोओहमचा रोधक १ अँपिअर प्रवाह ठरवतो. वापरलेल्या सेलसाठी मी तेथे २ किलोओहमचा घालतो, म्हणजे प्रवाह सुमारे ५८० मिलिअँपिअरवर येतो. एलईडींच्या तारा बोर्डाच्या ‘आउट’ टोकांनाच जोडाव्यात. ‘बी’ टोकांना, म्हणजे सेल जोडायच्या टोकांना, जोडल्यास सेल पार रिकामा होईपर्यंत दिवा जळत राहतो, आणि ही चूक मी उघडलेल्या कित्येक दुरुस्त विजेऱ्यांत पाहिली आहे.

पिन ठेवायचीच असेल तर शिशाची नवी, तेवढ्याच क्षमतेची बॅटरी घालावी. जुन्या सीलबंद बॅटरीत सुईने डिस्टिल्ड वॉटर भरण्याचा खटाटोप मला मान्य नाही, कारण सल्फेट बसलेल्या पट्ट्या पाण्याने पूर्ववत होत नाहीत.

सेल बसवून झाल्यावर चार्जिंग संपल्याचा दिवा लागेपर्यंत विजेरीजवळ थांबावे आणि मग ‘बी’ टोकांवर मल्टिमीटर लावावा. आकडा ४.२ च्या आसपास असला पाहिजे, ४.२५ च्या वर दिसला तर सेल लगेच सोडवून घ्यावा आणि बोर्ड बदलावा.