डोमेनच्या भांडणाचं मूळ कुठं आहे

नागपूरच्या इतवारीतल्या किंवा बर्डीवरच्या जुन्या दुकानाच्या नावापुढे डॉट इन लावून दुसऱ्याच कुणी ते घेऊन ठेवलं की मालकाला वाटतं आपण ट्रेडमार्क केला नाही म्हणजे संपलं, आणि मग तो मागतील तेवढे पैसे देऊन मोकळा होतो. तसं नाहीये, म्हणून थोडं मागे जाऊन सांगतो.

आधी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, फुकट मिळायचं, १९९५ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ५० डॉलर लागू झाले, पण रीत तीच, आधी येईल त्याचं, तुमचा त्या नावाशी संबंध काय हे कोणी विचारायचंच नाही. त्याच सुमारास अमेरिकेत डेनिस टोपेनने पॅनाव्हिजन डॉट कॉम घेतलं, तिथे पॅना नावाच्या गावाचे फोटो टाकले आणि कॅमेऱ्यांच्या पॅनाव्हिजन कंपनीकडे १३,००० डॉलर मागितले. कंपनी कोर्टात गेली आणि १९९८ मध्ये अपिलातही जिंकली. पण दर नावासाठी कोर्ट कोण करणार, तेही समोरचा परदेशात असला तर?

म्हणून १९९९ मध्ये आयकॅनने, म्हणजे जगभरातल्या डोमेनचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, यूडीआरपी आणली, म्हणजे कोर्टात न जाता डोमेनचं भांडण मिटवायची पद्धत. पहिली केस वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनची, डिसेंबर १९९९ मध्ये दाखल आणि जानेवारी २००० मध्ये निकाल, एवढं झटपट!

आपल्याकडे १९९९ मध्येच दिल्ली हायकोर्टाने याहू इंडिया डॉट कॉम अडवलं, मुंबई हायकोर्टाने रेडिफच्या नावाशी जुळणारं रॅडिफ अडवलं. पण खरा आधार मिळाला २००४ मध्ये, सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डोमेनसाठी वेगळा कायदा नसला तरी पासिंग ऑफ लागू होतं, म्हणजे लोक तुम्हाला ज्या नावाने ओळखतात त्या नावावर दुसऱ्याने धंदा करायचा नाही. छोट्या दुकानदारासाठी मला हाच निकाल सगळ्यात मोठा वाटतो, कारण पासिंग ऑफला नोंदणी लागतच नाही, जुनी बिलं, पेपरातल्या जाहिराती, पाट्यांचे फोटो हाच पुरावा.

पुढे २००५ मध्ये डॉट इनसाठी आयएनडीआरपी आली, म्हणजे यूडीआरपीसारखीच आपल्याकडची पद्धत. यूडीआरपीत वाईट हेतूने घेतलं आणि तसंच वापरलं, दोन्ही दाखवावं लागतं, आयएनडीआरपीत एक दाखवलं तरी चालतं. मात्र तिथे डोमेन परत मिळेल किंवा रद्द होईल, फार तर खर्च मिळेल, धंद्याच्या नुकसानीची भरपाई पाहिजे तर कोर्टातच जावं लागतं. आणि समोरच्याचं ते खरंच आडनाव असेल, तो प्रामाणिकपणे वापरत असेल, तर त्याच्याकडून ते काढून घेता येत नाही, आणि तेही बरोबरच आहे.