बहुश्रुतता

बहुश्रुतता : एकाच विद्याशाखेत आयुष्य वेचण्याऐवजी कुतूहलाच्या ओढीने अनेक शाखांत वावरण्याची वृत्ती आणि त्या वावरातून येणारी जाण. ‘बहुश्रुत’ म्हणजे पुष्कळ ऐकलेला. ग्रंथ दुर्मीळ असताना विद्या कानांनी मिळत असे, याची खूण या शब्दात टिकून आहे.

खानदेशात या वृत्तीच्या गौरवाची जुनी नोंद चाळीसगावजवळील पाटण येथे दगडावर कोरलेली आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापल्याचे सांगणारा हा शिलालेख भास्कराचार्यांना केवळ गणिती म्हणून वाखाणत नाही, तर सांख्य व वैशेषिक ही दर्शने, काव्य आणि छंदःशास्त्र यांतील त्यांचा अधिकारही सांगतो. एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणणारे भाऊ दाजी लाड पेशाने डॉक्टर होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

आधुनिक काळातील सर्वांत ठळक उदाहरण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे. अखेरच्या काळात ते धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे गावोगाव फिरून जमवणारे राजवाडे व्याकरण, व्युत्पत्ती, स्थलनामे आणि विवाहसंस्थेचा इतिहास यांकडेही वळले. याला विषयांतर म्हणणे चुकीचे ठरेल, कारण जुन्या पत्रातील शब्द उलगडल्याशिवाय प्रसंग कळत नाही आणि गावाच्या नावात वसाहतीचा माग दडलेला असतो. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती नंतरच्या अभ्यासकांनी अमान्य केल्या. तरीही त्यांनी उभे केलेले प्रश्न एका शाखेच्या कुंपणात राहून सुचले नसते.

ही जाण साक्षरतेवर अवलंबून नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते, पण शेत, पाखरे, जाते आणि माणसाचे मन यांचे त्यांचे निरीक्षण खानदेशी बोलीतून ओव्यांत उतरले.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हा आक्षेप ऐकण्यावरच थांबणाऱ्या कुतूहलाला लागू पडतो. तज्ज्ञाचे स्थानही अबाधित आहे. जळगाव जिल्ह्यातील केळीवर करपा पडला, तर पानावरील बुरशी नेमकी ओळखण्यासाठी वनस्पतिरोगतज्ज्ञच लागतो; मात्र दाट लागवड, साचलेले पाणी, दमट हवा आणि बागेत राहू दिलेली रोगट पाने या साऱ्यांचा एकत्र मेळ बहुतेकदा तोच शेतकरी घालतो, ज्याने माती, हवामान आणि पीक यांची सारख्याच आस्थेने विचारपूस केलेली असते.