विनोदी नट-दिग्दर्शक (मुंबईची मराठी रंगभूमी)

विनोदी भूमिका करणारा, नाटक बसवणारा आणि नवख्यांना तयार करणारा कलावंत. ही तीन कामे बाहेरून वेगळी दिसली तरी घडतात तालमीच्या एकाच खोलीत.

सुरुवात बहुधा कॉलेजच्या एकांकिकेत. रुईया, रुपारेल, डहाणूकर अशा कॉलेजांत तालीम घ्यायला माजी विद्यार्थीच येतात, त्यामुळे शिकवण्याची सवय नट होण्याआधीच लागते. पुढे आयएनटी, सवाई या एकांकिका स्पर्धा आणि जमले तर व्यावसायिक रंगभूमी. देवेंद्र पेम यांचे ‘ऑल द बेस्ट’ (१९९३) मूळचे एकांकिकाच. एक आंधळा, एक बहिरा, एक मुका. तिथे कोणाला काय दिसले आणि काय ऐकू आले, यावरच सगळा हशा.

विनोद शिकवणे मात्र अवघड. हशा चढू द्यायचा आणि पुरता ओसरायच्या आत पुढचे वाक्य टाकायचे, एवढाच नियम. पण तालमीत प्रेक्षकच नसतात. दिग्दर्शक अंदाजाने हशासाठी जागा सोडतो आणि पहिल्या काही प्रयोगांत त्यातल्या निम्म्या हलवतो. घाईत तो वाक्य स्वतः म्हणून दाखवतो. मग शिष्य टायमिंगऐवजी गुरूचा आवाजच उचलतो. हा या पद्धतीचा जुना रोग.

बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’मध्ये आत्माराम भेंडे दिग्दर्शकही होते आणि नटही. फार्समध्ये, म्हणजे गोंधळावर चालणाऱ्या वेगवान विनोदी नाटकात, दार क्षणभर उशिरा उघडले तरी हशा गेला. स्वतः मंचावर असलेल्याला हे दिसणार कसे? म्हणून तालमीत त्याच्या जागी सहायक उभा राहतो आणि दिग्दर्शक समोर खुर्चीत बसतो.

पोट मुख्यतः ‘नाईट’वर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, प्रयोग रद्द झाला की नाईट बुडाली. त्यामुळे मालिका, अभिनयाच्या कार्यशाळा, मे महिन्यातली मुलांची शिबिरे हेही करावे लागते.

नाटक रुळले की संहितेत नसलेली वाक्ये शिरू लागतात. त्यांना ‘ॲडिशन’ म्हणतात. ती थोपवणे दिग्दर्शकाचे काम. पण टाळ्यांची चटक लागलेला नट तोच असला तर त्याला कोण अडवणार? एखादा नट सोडून गेला की नवा मुलगा चार प्रयोग विंगेत उभा राहून पाहतो, आणि संहितेबरोबर त्या ॲडिशनही पाठ करून टाकतो.