वीस पटाच्या आतल्या शाळा : वादाची पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल आज बोलणे निघाले की दोन आकडे पुढे येतात, पट म्हणजे शाळेत नाव असलेली मुले किती आणि मंजूर शिक्षक किती. वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा चालू ठेवायच्या की बंद करायच्या आणि तिथे शिक्षक किती द्यायचे, हा वाद त्यातूनच उभा राहिला. गुणवत्तेचा विषय निघतो तोही या आकड्यांच्या मागून. हे असे कसे झाले ते समजून घ्यायला फार मागे जायची गरज नाही, पण थोडे जावे लागते.

मुंबई प्रांतात 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या आणि 1947 च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांकडे. मराठवाडा तेव्हा निजामाकडे आणि विदर्भ मध्य प्रांतात होता, त्यामुळे तिथली घडी वेगळी होती. 1 मे 1962 रोजी राज्यभर जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या झाल्या. निवडून आलेल्या सदस्यांची शिक्षण समिती, शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटला (तालुक्यातल्या शाळांच्या गटाला) विस्तार अधिकारी ही उतरंड तेव्हापासूनची आहे. जवळपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख नव्वदच्या दशकात आले. पगार शासनाचा, शाळा जिल्हा परिषदेची आणि जागा बहुधा गावाने दिलेली, असा हा कारभार आहे. नवी खोली, नवा वर्ग, शिक्षकाची बदली या गोष्टी बरीच वर्षे जिल्ह्यातच ठरत. त्यात वशिलेबाजी होती, बदल्यांचा बाजार होता, हे नाकारायचे कारण नाही. पण जाब विचारायला माणूस जिल्ह्यातच सापडत होता.

लहान शाळा जन्माला आल्या त्या सरकारच्याच आग्रहाने. वाडी, वस्ती, तांडा, पाडा इथल्या मुलांना ओढा-डोंगर ओलांडावा लागू नये म्हणून 2000 नंतर वस्तीशाळा निघाल्या. समाजमंदिरात, कुणाच्या पडवीत, कधी झाडाखालीही वर्ग भरत. गावातल्याच शिकलेल्या तरुण-तरुणींनी तुटपुंज्या मानधनावर त्या चालवल्या. पुढे या शाळांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले आणि 2014 मध्ये त्या निमशिक्षकांना सेवेत कायम केले गेले. वस्ती लहान, म्हणून अशा शाळांचा पटही पहिल्यापासून लहानच होता. तो आज घसरून लहान झाला, असे सरसकट म्हणणे या शाळांवर अन्याय करणारे आहे.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे स्पष्ट लिहिले आहे. मुले 12 असोत की 58, शिक्षक दोन. राज्याचे नियम 2011 मध्ये आले. त्यांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले. त्याच नियमात 20 हा आकडा आहे. परिसरात 6 ते 11 वयाची, शाळेत यायला तयार अशी किमान 20 मुले असली तर तिथे शाळा स्थापन करावी, असा त्याचा आशय आहे.

सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. 20 ही अट शाळा उघडण्यासाठी होती. आधीपासून चालू असलेल्या शाळेत 19 मुले उरली तर ती बंद करा, असे ना कायद्यात आहे ना या नियमात. उलट ज्या वस्तीजवळ शाळाच होऊ शकत नाही, तिथल्या मुलांसाठी मोफत वाहतुकीची किंवा निवासाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तरीही पुढच्या दहा-बारा वर्षांत हा आकडा हळूहळू उंबरठ्यासारखा वापरला जाऊ लागला. त्याच्या आत पट गेला की शाळा 'अव्यवहार्य', मग समायोजन, म्हणजे मुले आणि शिक्षक दुसऱ्या शाळेत हलवणे, मग कुलूप.

पटाकडे संशयाने पाहण्याची सुरुवात 2011 ची. नांदेडमध्ये बोगस पट उघड झाल्यावर त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली होती. ती मोहीम गरजेची होती. तिच्या पाठोपाठ 2 मे 2012 च्या निर्णयाने शिक्षक भरती थांबली आणि आधी अतिरिक्त ठरलेल्यांचे समायोजन करायचे ठरले. जिल्हा परिषदांत मोठी भरती त्यानंतर थेट 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये झाली, तीही राज्यस्तरीय पोर्टलवरून. दरम्यान 2015 पासून विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरायची सुरुवात झाली, 2017 पासून बदल्या संगणकावर गेल्या, संचमान्यता, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे याची दरवर्षीची मंजुरी, आधार क्रमांकाला जोडली गेली. जिल्ह्याच्या हातात ठरवण्यासारखे फारसे उरले नाही.

संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड भागात त्या दिवशी वर्ग भरलेले असतात आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन बिऱ्हाडे निघाली की अर्धे होतात. जिथे ही मुले जातात त्या कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेत तिसरीची पाच मुले अचानक वाढतात; तिच्या शिक्षकसंख्येत त्यांचा हिशेब नसतो. आधार नोंदीतल्या एखाद्या अक्षराच्या फरकाने वर्गात समोर बसलेले मूल मोजणीतून गळते, ते वेगळेच.

पट घटण्याची कारणेही नीट सांगितली जात नाहीत. जन्मदर कमी झाला, लोक शहराकडे गेले, हे खरेच. पण 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने खेडोपाडी इंग्रजी माध्यमाला वाट मोकळी झाली आणि पिवळ्या गाड्या पार वाडीच्या फाट्यापर्यंत येऊ लागल्या. पाचवीचा वर्ग अनेक ठिकाणी आजही अनुदानित हायस्कुलातच आहे, म्हणून चौथी झाली की मुलाचा दाखला जातो. जिल्हा परिषदांनी सेमी इंग्रजी सुरू केले, लोकवर्गणीतून वर्ग डिजिटल केले, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या ज्ञानरचनावादी (मुले स्वतः करून शिकतात अशा) वर्गांकडे बघून 2015 मध्ये राज्यभर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' राबवले गेले. त्या वर्षांत खासगीतून मुले परत आल्याची उदाहरणे अनेक तालुक्यांत होती. कोरोनाने वाचन-गणिताची घडी विस्कटली. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या ग्रामीण पाहणीत 2022 मध्ये ती घसरण दिसली आणि 2024 च्या पाहणीत तिसरीच्या वाचनात बरीच भरपाई झालेली दिसली. कामगिरीच्या चर्चेत ही दुसरी बाजू क्वचितच येते.

बंद करण्याचा पहिला मोठा प्रयत्न डिसेंबर 2017 चा. दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळांची यादी निघाली. ओढे, जंगल, महामार्ग यांचा विचार न करता नकाशावर अंतर मोजल्याच्या तक्रारी आल्या. 2022 मध्ये वीसच्या आतल्या शाळांची माहिती मागवली गेली. त्या निघाल्या पंधरा हजारांच्या घरात, आणि त्यांत मुले होती सुमारे 1 लाख 85 हजार. ग्रामसभांनी ठराव केले. मग 'बंद' हा शब्द मागे पडला आणि 21 सप्टेंबर 2023 च्या पत्राने समूह शाळांचे, म्हणजे अनेक लहान शाळांतली मुले एका मोठ्या शाळेत आणण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ दाखवले गेले. हे दोन्ही प्रयोग वाईट नाहीत. पण पानशेतला बसची सोय झाली आणि तोरणमाळला निवासाची. त्यामागे पैसा, जागा आणि पाठपुरावा होता. तेवढी तयारी पंधरा हजार ठिकाणी होईल असे मानून धोरण आखणे धोक्याचे आहे. आणि सहा वर्षांच्या मुलीला बसमध्ये बसवायचे की घरी ठेवायचे, हा निर्णय शेवटी घरातच होतो.

मार्चमध्ये 2024 सालचा सर्वांत वादग्रस्त निर्णय आला. 15 मार्चच्या संचमान्यता निकषांनी वीसपर्यंतच्या प्राथमिक शाळेत एक नियमित शिक्षक धरला, दुसरा सेवानिवृत्तांतून घेण्याची सोय ठेवली. 5 सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, ही दुसरी जागा सेवानिवृत्त किंवा डीएड-बीएड झालेल्या बेरोजगारांतून 15 हजार रुपये मानधनावर भरायचा आदेश निघाला. शिक्षक सामुदायिक रजेवर जाण्याच्या तयारीत असताना 23 तारखेला मर्यादा वीसवरून दहावर आणली गेली. तरीही 25 सप्टेंबरला राज्यभर मोर्चे निघाले. कंत्राटी नेमणुकीचा हा आदेश फेब्रुवारी 2025 मध्ये रद्द झाला. 15 मार्चचे निकष मात्र राहिले.

एक नियमित शिक्षक म्हणजे काय, हे शाळेत बघावे. पहिलीला अक्षरओळख चालू असताना पाचवीला अपूर्णांक द्यायचा, मधल्या तिघा वर्गांना काम लावून द्यायचे, तांदूळ मोजून पोषण आहाराची नोंद करायची, आणि केंद्राची बैठक किंवा मतदारयादीचे काम निघाले की शाळा कोणाच्या स्वाधीन करायची याची चिंता करायची. दोन शिक्षकी शाळेत यातले निम्मे ओझे उतरते. कायद्याने 60 पर्यंत दोन शिक्षक दिले ते याचसाठी.

सहावी ते आठवीचे तर त्याहून कठीण झाले. वीसपेक्षा कमी मुले असलेल्या या वर्गांपुढे 2024-25 च्या संचमान्यतेत 'शून्य शिक्षक' असे छापून आले. वर्ग आहे, मुले आहेत, शिक्षक नाही. अशा वर्गातल्या मुलीला पुढची शाळा चार-सहा किलोमीटरवर असते आणि एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळतेच असे नाही.

याच काळातली आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ नये. फेब्रुवारी 2024 मध्ये अधिसूचना निघाली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब व वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट. म्हणजे जवळची सरकारी शाळा पुरेशी आहे, असा युक्तिवाद. तीच जवळची शाळा दुसऱ्या कागदावर अव्यवहार्य ठरत होती. उच्च न्यायालयाने ती अधिसूचना जुलैमध्ये रद्द केली.

हे सगळे घडले तेव्हा बहुतेक जिल्हा परिषदांत निवडून आलेले कोणी नव्हते. 2017 साली निवडून आलेल्या 25 जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि प्रशासक बसले. 2025 संपेपर्यंत तिथे निवडणुका झाल्या नव्हत्या. शिक्षण समितीच नव्हती, तर ठराव कोण मांडणार? गावपातळीवर शाळा व्यवस्थापन समिती होती, जिच्यात कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. विरोधाचे बहुतेक अर्ज या समित्यांनी आणि ग्रामसभांनीच दिले.

सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1 सप्टेंबर 2025 रोजी आला आणि शिक्षकांच्या आंदोलनाला नवा विषय मिळाला. डिसेंबरमध्ये शाळा बंद ठेवून झालेल्या आंदोलनात या परीक्षेबरोबर 15 मार्चचा निर्णय मागे घ्या, ही मागणीही होती.