कंपनीच्या प्रशिक्षणात नट आला कुठून?

'अवघड संभाषणं' शिकवणाऱ्या कार्यशाळेत कधीकधी एक अनोळखी माणूस येऊन बसतो. बढती हुकल्याने धुसफुसणारा कर्मचारी म्हणून तो समोर येतो आणि मॅनेजरने त्याला हाताळायचं असतं. हा पैसे देऊन बोलावलेला नट. त्याचं मूळ शोधणारे बहुतेकदा व्हिएन्नाच्या जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञापाशी पोचतात. १९२०च्या दशकात त्याने उत्स्फूर्त नाटकाचे प्रयोग केले आणि पुढे त्यातूनच सायकोड्रामा, म्हणजे नाटकातून मानसोपचार, आला. रोलप्लेचं श्रेय त्याला जरूर द्यावं. पण तिथे माणूस स्वतःचंच दुःख मांडायचा. दुसऱ्याने शिकावं म्हणून पगारी सोंग घ्यायचं, ही कल्पना इस्पितळातली.

हॉवर्ड बॅरोज न्यूयॉर्कमध्ये मेंदूविकारांचं शिक्षण घेत होते, तेव्हाची गोष्ट. परीक्षेला वॉर्डातलेच रुग्ण देत आणि एकेका रुग्णाला दिवसभरात कितीतरी परीक्षार्थी तपासत. त्यातल्या एकाला बॅरोजनी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, एक परीक्षार्थी फार तुसडा होता, तपासतानाही त्याने त्रास दिला. मग यानेही उट्टं काढलं. तळव्यावर ओरखडा काढल्यावर अंगठा वर जाण्याचं जे लक्षण एका पायात होतं, ते त्याने दुसऱ्या पायात दाखवलं!

म्हणजे लक्षण हुबेहूब वठवता येतं, आणि डॉक्टर कसा वागला हे रुग्णाला नेमकं कळतं. १९६३ साली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात बॅरोजनी एका मॉडेलला तयार केलं. पाय लुळे, एका डोळ्याने दिसत नाही, अशी रुग्ण ती वठवायची आणि विद्यार्थी गेल्यावर त्याने काय केलं, काय राहिलं याची यादी भरायची. माझ्या मते खरा शोध त्या यादीचा. सोंगं काय, आपल्याकडे बहुरूपीही आणतो. वैद्यकीय वर्तुळात मात्र 'हे हॉलिवूडचे चाळे' म्हणून नाकं मुरडली गेली. शहरही नेमकं तेच!

१९७०च्या दशकात अ‍ॅरिझोनात पॉला स्टिलमन यांनी आजारी मुलांच्या आईचं सोंग घेणाऱ्या बायका तयार केल्या. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी विद्यार्थ्याने एकेका टेबलाशी जाऊन वेगवेगळं काम करून दाखवायचं, अशी परीक्षा मांडली. तिच्यात असे रुग्ण सहज बसले.

कचेऱ्यांत नट आधी पडद्यावरून शिरला. १९७२ साली विनोदी नट जॉन क्लीझ आणि लेखक अँटनी जे यांनी इतरांसोबत लंडनमध्ये व्हिडिओ आर्ट्स ही कंपनी काढली. तिचे प्रशिक्षणपट भरपूर हसवत, पण पडदा काही उलट उत्तर देत नाही; त्यासाठी नट समोरच हवा. प्रसंग मध्येच थांबवून पुन्हा खेळायची रीत ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये आहे. शोषितांसाठी घडवलेली ही रीत आता मॅनेजरांच्या कामी येते, याची मला गंमत वाटते.

हे सोंग आपल्याकडच्या डॉक्टरांच्या नशिबीही आलं. १९९८पासून परदेशी पदवीधरांना आणि २००४पासून अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनाही तिथल्या परवान्यासाठी अशी परीक्षा द्यावी लागे. केंद्रं अमेरिकेतल्या पाच शहरांतच, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या डॉक्टरलाही विमान धरावं लागे. दिवसात बारा खोटे रुग्ण, प्रत्येकी पंधरा मिनिटं. बोलण्याचालण्याचे गुण हे रुग्णच देत. तुसड्या डॉक्टरचं उट्टं काढायला आता पाय बदलायची गरज उरली नव्हती. कोविडमध्ये ही परीक्षा थांबली आणि २०२१ साली कायमची बंद झाली.