केव्ही कॅश: 'कॉम्प्रेशन' हा शब्द कुठून कुठे आला

भाषा-मॉडेल मजकूर छोट्या तुकड्यांत (टोकनांत) वाचतं आणि प्रत्येक टोकनसाठी 'की' आणि 'व्हॅल्यू' असे आकड्यांचे दोन संच मेमरीत जपून ठेवतं, म्हणजे पुढचं टोकन काढताना ते पुन्हा मोजावे लागत नाहीत. हा साठा म्हणजे केव्ही कॅश. मेटाच्या लामा-२ च्या ७ अब्ज पॅरामीटरवाल्या मॉडेलमध्ये एका टोकनची की आणि व्हॅल्यू १६ बिटांत ठेवायला ५१२ केबी लागतात. ४,०९६ टोकनांचं एक संभाषण म्हणजे २ जीबी. मॉडेलचे वेट्स (त्याने शिकलेले आकडे) साधारण १४ जीबी, तेव्हा आठ जण एकाच वेळी लांबलचक बोलू लागले की कॅशच मॉडेलपेक्षा जड होते. मराठीला ही झळ जास्तच बसते, कारण बरेचसे टोकनायझर (टोकनं पाडणारे प्रोग्रॅम) देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे पाडतात.

मॉडेलच्या प्रत्येक लेयरमध्ये (थरात) अनेक 'हेड' असतात; प्रत्येक हेड आपली 'क्वेरी' की-शी जुळवून कोणत्या टोकनकडे किती लक्ष (अटेन्शन) द्यायचं ते ठरवतो. सगळ्या क्वेरी हेडना मिळून एकच की-व्हॅल्यू जोडी द्यायची कल्पना २०१९ ची. गुणवत्तेची धाकधूक मात्र होतीच. २०२३ मध्ये हेडचे गट करायचा मधला मार्ग निघाला आणि लामा-२ च्या ७० अब्जवाल्या मॉडेलने तो घेतला: ६४ क्वेरी हेडमागे ८ जोड्या, म्हणजे दर टोकनला अडीच एमबीऐवजी ३२० केबी. त्याच वर्षी कॅश छोट्या ब्लॉकमध्ये, लागेल तशी वाटायची पद्धत आली. तोवर आगाऊ अडवून ठेवलेली बरीच मेमरी नुसती पडून राहायची.

गोंधळ सुरू झाला तो इथून पुढे. 'केव्ही कॅश कॉम्प्रेशन' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मांडल्या जाऊ लागल्या: आकडे कमी बिटांत लिहिणं आणि टोकन सरळ फेकून देणं. दुसऱ्याला कॉम्प्रेशन म्हणणं मला पटत नाही. २०२३ मध्ये आलेल्या पद्धती आतापर्यंत ज्या टोकनांवर जास्त अटेन्शन पडलं ती ठेवून बाकीची काढायच्या. २०२४ च्या एका पद्धतीत प्रॉम्प्टच्या शेवटच्या तुकड्यावरून काय ठेवायचं ते ठरतं. समजा, ३० पानी भाडेकरार दिला आणि खाली नोटिशीच्या मुदतीबद्दल विचारलं. उत्तर बरोबर येईल. मग डिपॉझिटबद्दल विचारलं, तर ते कलम कॅशमधून आधीच गेलेलं असू शकतं. मॉडेलला त्याचा पत्ता नसतो. उरलेल्या टोकनांवरून ते बेधडक उत्तर देतं. शिवाय प्रत्येक हेडने वेगवेगळी टोकनं काढली, तर १६ टोकनांचा ब्लॉक क्वचितच पूर्ण रिकामा होतो. पेपरातली बचत जीपीयूवर तेवढी दिसत नाही, ती यामुळेही.

बिट कमी करण्यात टोकन निदान जागेवर राहतं, पण तिथेही एक खोच आहे. की-मध्ये ठरावीक चॅनलचे (यादीतल्या ठरावीक जागांचे) आकडे कायम मोठे असतात. समजा, एका टोकनच्या चार चॅनलमध्ये ०.३, -०.५, ०.२ आणि १८ आहेत. २ बिटांत चारच पायऱ्या मिळतात, आणि १८ मुळे त्या सहा-सहाच्या अंतरावर पडतात. पहिले तिन्ही आकडे एकाच पायरीवर येऊन बसतात आणि त्यांच्यातला फरक संपतो. म्हणून २०२४ च्या सुरुवातीला की चॅनलनुसार आणि व्हॅल्यू टोकननुसार क्वांटाइझ करायची, म्हणजे प्रत्येक चॅनलला किंवा टोकनला स्वतःच्या पायऱ्या देऊन कमी बिटांत बसवायची, रीत पुढे आली. रोप (टोकनचं स्थान कळावं म्हणून की-चे आकडे फिरवणारी क्रिया) लावल्यावर चॅनल एकमेकांत मिसळतात, त्यामुळे काहींनी की त्याआधीच साठवायला घेतल्या. सर्व्हिंग इंजिनांमध्ये (मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मात्र २ बिटांपेक्षा ८ बिटांचं एफपी८च जास्त रुळलं.

मे २०२४ मध्ये आलेल्या डीपसीक-व्ही२ या मॉडेलने हा प्रश्न मॉडेलच्या रचनेतच सोडवायला घेतला. तिथे १२८ हेडच्या की-व्हॅल्यू वेगवेगळ्या ठेवल्या असत्या तर दर लेयरला टोकनमागे ३२,७६८ आकडे झाले असते. त्याऐवजी एक लहान लेटंट व्हेक्टर (सगळ्या हेडच्या की-व्हॅल्यूंचं आटोपशीर रूप) आणि रोपसाठीचा वेगळा भाग मिळून ५७६ आकडे साठवले जातात. इथे टोकन एकही जात नाही, पण ट्रेनिंग झालेल्या जुन्या मॉडेलला पुन्हा ट्रेनिंग दिल्याशिवाय हे वरून चिकटवता येत नाही. ज्यांच्या हातात तयार वेट्स आहेत, त्यांच्यापुढे अजूनही मुख्यतः तेच दोन रस्ते आहेत: बिट कमी करा, नाहीतर टोकन काढा.